युरोपातले देश अक्षय ऊर्जेची उद्दिष्टं खरंच गाठतात का? चुकली तर दंड होतो का?

तुम्ही दोन आकडे दिलेत आणि खरा कुठला ते विचारलंय: २०३० साठी युरोपियन युनियनचे ४२.५ टक्के की जर्मनीचे ८० टक्के? शिवाय, गाठता आले नाहीत तर कुणाला दंड वगैरे होतो का, हेही. मी बारा वर्षं उत्तर जर्मनीत आहे आणि त्यातली बरीचशी उच्चदाब वाहिन्यांच्या कामात गेली, म्हणून लिहितो.

दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. जर्मनीचे ८० टक्के निव्वळ विजेचे. ४२.५ टक्के एकूण ऊर्जेचे, म्हणजे ट्रकमधलं डिझेल, कारखान्यातली भट्टी आणि थंडीत घर तापवायला जळणारा गॅस हे सगळं धरून. त्यामुळे विजेत निम्म्याच्या जवळ आलेला युरोप एकूण ऊर्जेत २०२३ साली २४.५ टक्क्यांच्या आसपासच होता. त्यातही मोठा वाटा लाकडाचा. हो, लाकडाचाच! फोटो पवनचक्कीचा छापतात, पण फिनलंड, लाटव्हिया, एस्टोनिया या देशांचे आकडे भरघोस दिसतात ते जंगलांमुळे. लाकूड जाळणं हिशोबात 'अक्षय' धरावं का यावर इथे बरीच भांडणं आहेत. माझं मत विचाराल तर तो हिशोब जरा सोयीचाच आहे.

आता दंडाकडे. युनियनच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक देशाला २०२० साठी वेगळा, बंधनकारक आकडा नेमून दिला होता. स्वीडनला ४९ टक्के, माल्टाला १०. कुवत पाहून वर्गणी ठरवावी तसं. २०२० उजाडलं तेव्हा सगळ्या युनियनने मिळून २० च्या जागी २२.१ टक्के गाठले (कोविडमुळे एकूण वापर घटला, त्याचाही हातभार लागला). नापास झाला तो एकटा फ्रान्स: २३ हवे होते, १९.१ झाले. बाकीचे सगळे स्वतःच्या अभ्यासावर पास झाले असंही नाही. ज्यांचं कमी पडत होतं त्यांना ज्यांचं जास्त झालंय त्यांच्याकडून कागदोपत्री टक्के विकत घेता येतात. नेदरलँड्सने २०२० मध्ये डेन्मार्कशी तसा करार केला, १० कोटी युरोंचा. वीज एका तारेतून दुसऱ्या तारेत गेली नाही, फक्त खतावणीतली नोंद हलली. फ्रान्सने अशी खरेदी केली नाही. आमची बहुतेक वीज अणुऊर्जेची, कार्बन आधीच कमी, मग हा वेगळा हिशोब कशाला, अशी त्यांची जुनी तक्रार आहे.

न्यायालयाची वाटही आहे. २०१३ साली युरोपियन आयोगाने पोलंड आणि सायप्रसला कोर्टात खेचून रोजच्या हिशोबाने दंड मागितला होता. पण तो आकडा चुकला म्हणून नव्हता, कायदा आपल्या देशात वेळेवर लागू केला नाही म्हणून होता. २०३० साठी तर देशवार सक्तीचे आकडे उरलेलेच नाहीत. ४२.५ टक्के सगळ्यांनी मिळून गाठायचेत, प्रत्येक देश आपला वाटा आराखड्यात लिहून देतो, आणि २०२० साठी नेमून दिलेल्या आकड्याखाली घसरायचं नाही एवढी अट आहे. सामायिक भांड्यात दूध ओतायचं म्हटलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

मग काम होतं कशामुळे? माझ्या अनुभवात, पवनचक्की उभारणाऱ्याला पुढच्या वीस वर्षांत युनिटमागे किती मिळणार हे आज ठाऊक आहे का, यावर जवळजवळ सगळं ठरतं.

आपल्याकडे उसाला एफआरपी असतो, तसा जर्मनीने विजेला हमीभाव दिला. सुरुवात १९९० च्या एका छोट्या कायद्याने झाली, मग २००० साली मोठा कायदा आला. तुमच्या छपरावरची किंवा शेतातली वीज ग्रिडने घेतलीच पाहिजे आणि ठरलेला भाव वीस वर्षं दिलाच पाहिजे. सौरऊर्जेला तेव्हा युनिटमागे ९९ फेनिग (जर्मनीचे जुने पैसे), म्हणजे सुमारे ५० सेंट, मिळायचे. भलताच चढा भाव होता, पण त्याच्या जोरावर शेतकरी, शिक्षक, गावची सहकारी मंडळं यांना बँकेचं कर्ज मिळालं. २००० साली विजेत अक्षय ऊर्जेचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास होता, आता तो निम्म्याहून जास्त आहे. पैसे अर्थात कुणाच्या तरी खिशातून गेलेच. प्रत्येकाच्या बिलात अधिभार लागायचा, २०१७ साली तो युनिटमागे ६.८८ सेंटवर गेला. मोठ्या कारखान्यांना त्यात सूट आणि माझ्यासारख्या भाडेकरूला पूर्ण भार, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. जुलै २०२२ मध्ये तो अधिभार बंद झाला आणि खर्च सरकारी तिजोरीवर गेला.

हाच हमीभाव स्पेनने दिला आणि स्वतःचे हात पोळून घेतले. २०१० पर्यंत ४०० मेगावॅट सौरऊर्जा व्हावी अशी त्यांची अपेक्षा होती, आणि २००८ या एका वर्षात अडीच हजार मेगावॅटहून जास्त उभी राहिली. भाव चढा आणि किती जणांना द्यायचा याला वेसण नाही, म्हटल्यावर दुसरं काय होणार? त्यातच मंदी आली. सरकारने नव्या प्रकल्पांचा भाव कमी केला ते ठीक, पण आधीच चालू असलेल्यांचाही कापला. कर्ज काढून पॅनल बसवलेली साधी माणसं अडकली, परदेशी गुंतवणूकदार लवादाकडे गेले, आणि ते खटले वर्षानुवर्षं स्पेनच्या मानगुटीवर बसले. वर २०१५ मध्ये स्वतःपुरती वीज बनवणाऱ्यांवर आकार लावला, लोकांनी त्याला 'सूर्यकर' म्हणून झोडपलं. तो २०१८ मध्ये रद्द झाला. आज स्पेन पुन्हा जोरात आहे, २०३० साठी विजेत ८१ टक्के म्हणतोय. मधली काही वर्षं मात्र वाया गेली, आणि त्या काळात कागदावरचं उद्दिष्ट जिथल्या तिथे होतं.

हमीभाव महाग पडला म्हणून पुढे लिलाव आले. जो सर्वात कमी भाव मागेल त्याला काम. काही वर्षं भाव असे कोसळले की सरकारांना वाटलं, आता कंपन्याच आपल्याला पैसे देतील. मग व्याजदर वाढले, पोलाद महागलं. सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या लिलावात (ब्रिटन आता युनियनमध्ये नाही, पण गोष्ट तीच) समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही. कमाल दर हजार युनिटला ४४ पौंड ठेवला होता. पुढच्या वर्षी ७३ केला, कंपन्या परत आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये डेन्मार्कची पाटीही कोरी राहिली, तेही ३ गिगावॅटच्या निविदेत. १९९१ साली जगातली पहिली समुद्री पवनचक्क्यांची रांग विंडेबीला लावणारा हा देश! अनुदान काहीच देणार नव्हते. २०२५ मध्ये सरकार पुन्हा आधार द्यायला तयार झालं.

पैशांचं जुळलं तरी जागा लागते. बव्हेरियाने २०१४ मध्ये नियम केला की पवनचक्कीच्या उंचीच्या दहापट अंतरात वस्ती नको. आजची चक्की २०० मीटरची, म्हणजे २ किलोमीटर. जर्मन गावं इतकी जवळजवळ आहेत की नकाशावर जागाच उरली नाही आणि नव्या चक्क्या जवळपास थांबल्या. पोलंडने २०१६ मध्ये हेच केलं आणि २०२३ मध्ये अंतर ७०० मीटरवर आणलं. याउलट कोपनहेगनच्या बंदराबाहेर मिडलग्रुंडेनच्या २० चक्क्यांपैकी निम्म्या एका सहकारी संस्थेच्या आहेत, आणि तिचे साडेआठ हजारांवर सभासद. आपली स्वतःची चक्की डोळ्यांत खुपत नाही. सहकार महाराष्ट्राला शिकवावा लागत नाही, पण साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरून जाताना मला नेहमी वाटतं, यातल्या किती चक्क्यांत खालच्या गावांचा हिस्सा असेल?

आणि तारा. हा माझा विषय, म्हणून आवरतं घेतो, नाहीतर रात्र होईल. वारा उत्तरेला, मोठे कारखाने दक्षिणेला. मधे सुमारे ७०० किलोमीटरची 'झ्यूडलिंक' वाहिनी हवी. ती २०२२ मध्ये व्हायची होती. गावोगावी टॉवरना विरोध झाला, २०१५ मध्ये ती जमिनीखालून न्यायचं ठरलं, सगळी आखणी नव्याने झाली, आता २०२८ म्हणतात. तोवर वादळी रात्री उत्तरेच्या चक्क्या थांबवायच्या आणि दक्षिणेत गॅसची वीज लावायची, दोन्हीचे पैसे ग्राहकाच्या बिलात.

उन्हाळ्यात उलटं दुखणं. दुपारी सौर इतकी येते की बाजारातला भाव शून्याखाली जातो. २०२४ मध्ये जर्मनीत असे ४५७ तास होते. म्हणून फेब्रुवारी २०२५ पासून नव्या सौर प्रकल्पांना त्या तासांत हमीभाव मिळत नाही.

माझं स्वतःचं सांगायचं तर गॅलरीच्या कठड्याला दोन पॅनल आहेत, ८०० वॅटचा इन्व्हर्टर, प्लग थेट भिंतीत. घरमालक दोन वर्षं 'इमारतीची शोभा जाते' म्हणून परवानगी देत नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये कायदा बदलला, सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येईना, आणि आठवड्यात त्याची सही आली. उरलेली वीज ग्रिडला फुकट जाते. मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी बाजारात भाव शून्याखाली होता, म्हणजे माझी फुकटची वीजसुद्धा कुणाला नको होती. मग घरातल्या सगळ्या चादरी काढून वॉशिंग मशीनला लावल्या.