विचारू नकोस, वार सांग

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गृहभेटीची टिपणं वाचली. आजींच्या डिमेन्शियाबद्दल, म्हणजे स्मृतिभ्रंशाबद्दल, दोन पानं आणि त्यांना सांभाळणाऱ्या सुनेबद्दल एकच ओळ: "काकू सगळं छान करतात." ती ओळ खोड. पुढच्या वेळी काकू रात्री किती झोपल्या ते आधी विचार.

देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक घरीच असतात, म्हणजे बायको, सून नाहीतर लेक यांच्या हाती.

दिवेलागणीला आजी पिशवी घेऊन दाराशी येतात. "मला घरी सोडा." सून म्हणते, "अहो आई, हेच घर!" तिसऱ्या-चौथ्या वेळेला तिचा आवाज चढतो, मग स्वयंपाकघरात जाऊन तीच रडते. संध्याकाळी गोंधळ वाढणं हा आजाराचाच भाग आहे, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. तू सांग. वाद न घालता "जाऊ की, आधी चहा घेऊ" म्हणून बघायचं, सोसायटीत एक चक्कर मारून आणायची. कधी भागतं, कधी नाही. मात्र गोंधळ दोन-चार दिवसांत एकाएकी वाढला, तर आजार बळावला म्हणून सोडून द्यायचं नाही. डॉक्टरांना दाखवून लघवी तपासून घ्यायला लाव. या वयात संसर्गाने ताप नसतानाही माणूस बरळतो.

मग परदेशातला मुलगा. रविवारी दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, त्यात आई सावरून गोड बोलते, आणि हा वहिनीला ऐकवतो, "आई तर ठणठणीत आहे!" त्याला दिवेलागणीलाच फोन करायला सांग. सुट्टीत आला की रात्रीची उठबस त्याने करावी, हेही तूच बोल. सुनेने म्हटलं तर भांडण होतं, बाहेरच्या ताईने म्हटलं की ऐकून घेतात. आपल्या घरांची ही रीत मला पटत नाही, पण उपयोगी पडते.

कागदपत्रांचं लवकर बघ. समज गेल्यावर कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, करता येत नाही आणि आधी केलेलंही कायद्याने संपुष्टात येतं. पुढे पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. आजींना आज सही कळतेय तोवर संयुक्त खातं, नामांकन, मृत्युपत्र उरकून घ्यायला सांग. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर काकूंच्या फोनमध्ये घालून दे, त्यांच्या स्वतःसाठी. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

आणि "काही मदत हवी का?" असं विचारू नकोस. उत्तर "नको गं, चाललंय" हेच येणार. "गुरुवारी चार ते सहा मी आजींजवळ बसते," असं सांगून मोकळी हो. त्या वेळात काकू बँकेत जातील, झोपतील किंवा पार्लरमध्ये जातील. पार्लरमध्ये गेल्या तर तू भुवया उंचावू नकोस. पहिल्या गुरुवारी दहा मिनिटांत त्यांचा फोन येईलच. "आजी मजेत आहेत" म्हण आणि ठेवून दे.

तुझी,
ताई