सी प्रोग्रॅममधून लिहिलेली बायनरी फाईल पोस्टग्रेस डेटाबेस घेत नाही, 'सिग्नेचर नॉट रेकग्नाइज्ड' म्हणतो. विंडोजवर आहे. काय चुकतंय?

फाईल उघडताना मोड "डब्ल्यू" दिलाय का बघा. असेल तर "डब्ल्यूबी" करा. विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये १० (न्यूलाइन, म्हणजे एलएफ) किमतीच्या प्रत्येक बाईटाआधी गुपचूप १३ (सीआर) घुसतो. पोस्टग्रेसच्या ११ बाईटांच्या सिग्नेचरमध्ये, म्हणजे फाईलच्या सुरुवातीच्या ओळखखुणेत, न्यूलाइन, २५५, सीआर-एलएफ आणि शून्य मुद्दाम ठेवलेत. वाटेत कोणी फाईलला हात लावला तर ती दारातच अडावी म्हणून. म्हणजे तो एरर तुमच्यावर उपकारच करतोय.

उपकार का म्हणतो ते सांगतो. अंबडला नोकरीत असताना पिंपळगावच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी भुईकाट्याचं सॉफ्टवेअर केलं होतं. आमच्या सरांचं मत ठाम: "सीएसव्ही कारकुनांसाठी. स्ट्रक्ट उचल, एफराईट कर, विषय संपला." म्हणजे स्वल्पविरामांची साधी टेक्स्ट फाईल नको, मेमरीतली अख्खी नोंद जशीच्या तशी फाईलमध्ये ओतायची. फॉरमॅट त्यांचा घरचा, सिग्नेचर वगैरे लाड नाहीत. फाईल उघडायचं फंक्शनही त्यांचंच. चाचणीत पहिले नऊ ट्रॅक्टर झकास. दहाव्या लॉटला २३४० किलो कांदा होता, तो डेटाबेसात गेला लॉट नंबर २५७३ आणि वजन ५,९९,०४० किलो म्हणून. त्याच्या पुढचं सगळंच एका बाईटने सरकलेलं. सरांनी आधी काट्यावर संशय घेतला, काटेवाल्याला बोलावून झापलं. बिचारा वजनं ठेवून ठेवून दाखवत होता. मी फाईल हेक्स एडिटरमध्ये उघडली, तर ०ए (म्हणजे १०) च्या आधी ०डी (म्हणजे १३) ऐटीत बसलेला. २३४० गुणिले २५६ करून बघा, बरोब्बर ५,९९,०४० येतात. सर म्हणाले, "हे विंडोजचं दुखणं आहे, फॉरमॅटचं नाही." मोडमध्ये 'बी' हे एक अक्षर वाढवलं आणि चहाला गेले. काटेवाल्याला सॉरी कोणी म्हटलं नाही.

तर तुमचं सिग्नेचरचं कोडं सुटलं की पुढचा एरर बहुतेक 'रो फील्ड काउंट इज ७६८, एक्स्पेक्टेड ३' असा येईल. पोस्टग्रेसला मोठा बाईट आधी लागतो, तुमचं इंटेल मशीन उलटं लिहितं. बाईटांचा क्रम उलटवणारी एचटॉन्स, एचटॉनएल ही फंक्शनं वापरा. अख्खा स्ट्रक्ट एका दमात ओतणं तर विसराच: प्रत्येक फील्डआधी त्याची चार बाईट लांबी लागते, नल (रिकामं) असेल तर उणे एक, शिवाय कंपायलर मधे पॅडिंगचे जादा बाईट भरतो ते वेगळंच. टाइमस्टॅम्प १ जानेवारी २००० पासूनच्या मायक्रोसेकंदांत, म्हणून युनिक्स वेळेतून (१९७० पासूनचे सेकंद) आधी ९४६६८४८०० सेकंद वजा करा. कॉलम चार बाईटांचा इंटिजर असताना दोन बाईटांचा स्मॉलइंट पाठवलात तर तोही चालत नाही.

एवढं सगळं कशासाठी? सीएसव्ही लिहा आणि पोस्टग्रेसच्या कॉपी कमांडने भरा. बायनरी थोडी वेगवान असते, पण बिघडली की नोटपॅडमध्ये उघडून काही दिसत नाही, आणि रात्री साडेआठला व्यापाऱ्याचा फोन येतो तेव्हा दिसणंच कामाला येतं. कारकुनांना कळतं ते फालतू, हा माज मला तेव्हाही पटला नव्हता.

हां, सेन्सरचे लाखो फ्लोट किंवा फोटो भरायचे असतील तर बायनरीला अर्थ आहे, तिथे मी वाद घालणार नाही. पण रकमेचा कॉलम न्यूमेरिक असेल तर तिथेही नाद सोडा. तो आकडा आत दहा हजार हा पाया धरून तुकडे करून ठेवलेला असतो, सी मधला आठ बाईटांचा डबल पाठवून भागत नाही.