मांडवीवरचा चौथा पूल

प्रश्न : सर, नमस्कार. मी डिचोलीची. नोकरीसाठी रोज स्कूटरने पणजीला येते, कधी पर्वरीवरून, तर कधी मये-चोडण करून फेरीने रायबंदरला. माझे आजोबा खनिजाच्या बार्जवर खलाशी होते. ते म्हणतात, “तुम्ही मांडवीवर तीन पूल मोजता, मी चार पाहिलेत.” हा चौथा कुठला? आणि एकाच जागी इतके पूल बांधायची वेळ का आली? आणखी एक, रायबंदर ते पणजी या रस्त्याला जुनी माणसे पूल म्हणतात. मला तर तो साधा रस्ताच दिसतो.

उत्तर : आजोबांची मोजणी बरोबर आहे. त्यांचा चौथा पूल म्हणजे खरे तर पहिला. नेहरू पूल त्याचे नाव. आज चाळिशीच्या आत असलेल्यांनी तो पाहिलेलाच नाही, कारण ५ जुलै १९८६ रोजी, शनिवारी, तो मांडवीत कोसळला.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. पर्वरीत भाड्याची खोली, पणजीत नोकरी, आणि नोकरीही पुलांचीच. सोमवारी कामावर जायला पणजीसमोरच्या काठावर, बेतीच्या धक्क्यावर आलो तेव्हा पाऊस कोसळत होता. फेरीत माणसाला माणूस चिकटलेला, छत्री उघडायला जागा नाही. एरवी फेरीत केवढा कलकलाट असतो! त्या दिवशी इंजिनाची धडधड आणि फळी उचलणाऱ्या साखळीचा खडखडाट, एवढेच. फेरी मध्यावर आली आणि सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. रोज सलग दिसणारी ती करडी रेघ तुटली होती. शुक्रवारी संध्याकाळी मी बसने त्याच पुलावरून घरी गेलो होतो, खिडकीला डोके टेकून झोपलो होतो.

पूल जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता. लोक म्हणायचे, पावसाने गेला, पुराने गेला, कोणी म्हणे खनिजाच्या ट्रकांनी गेला. नदीला दोष देणे सोपे असते. पण त्याला आतून गंजाने खाल्ले होते.

हे नीट सांगतो. काँक्रीट दाबाला पक्के, ताणाला कच्चे. म्हणून मोठ्या गाळ्यांच्या, म्हणजे दोन खांबांत लांब अंतर असलेल्या पुलात काँक्रीटच्या पोटातून पोलादी तारांचे जुडगे नेतात, ते यंत्राने ताणतात आणि टोकांना अडकवतात. ताणलेल्या तारा काँक्रीटला कायम आवळून धरतात. या तारा ज्या नळ्यांतून जातात, त्या नळ्या नंतर सिमेंटच्या पातळ घोळाने गच्च भरायच्या असतात. सगळे मर्म या भरण्यात आहे. कुठे पोकळी राहिली की तिथे हवा शिरते, ओल शिरते, आणि आपल्याकडे ओल म्हणजे खारी ओल. मांडवी पणजीपाशी नावाला नदी, पाणी समुद्राचेच. मीठ पोलादापर्यंत पोचले की गंज थांबत नाही. एक तार तुटते, मग दुसरी. रस्त्यावरून जाणाऱ्याला काहीही कळत नाही, कारण तार काँक्रीटच्या आत आहे.

त्यात त्या पुलाची घडणही नाजूक. दोन खांबांवरून दोन हात पुढे यायचे आणि मध्यावर बिजागरीने जोडले जायचे. वर्षांमागून वर्षे हे हात टोकाशी किंचित खाली वाकतात, सांध्यावर खळगा पडतो, तिथे पाणी साचून आत झिरपते. आगशी-कुठ्ठाळीचा जुवारीवरचा जुना पूल, १९८३ साली खुला झालेला, तुम्ही बसने ओलांडला असेल तर दर सांध्यावर गाडी कशी उसळायची ते आठवा. त्यालाही गंजाचे दुखणे लागले. अवजड गाड्यांना बंदी घालून त्या बोरीवरून वळवाव्या लागल्या. शेवटी शेजारी नवा पूल बांधला आणि त्याच्या पहिल्या चार मार्गिका २०२२ च्या डिसेंबरात खुल्या झाल्या.

पूल पडला की पणजीचे काय होते, हे कळायला नकाशा डोळ्यांसमोर आणा. पणजी ज्या तालुक्यात आहे ती तिसवाडी म्हणजे बेटच आहे. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पूर्वेला या दोघींना जोडणारा कुंभारजुवेचा कालवा. राजधानीत पाय कोरडा ठेवून यायचे तर पूल हवाच. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगिजांनी या कालव्यावरचा बाणस्तारीचा पूल सुरुंगाने उडवला तो याच हिशेबाने. आपले सैन्य १८ तारखेला बेतीपर्यंत आले होते. समोर पणजीचे दिवे, मध्ये नदी. १९ ला सकाळी ते पाणी ओलांडून शहरात उतरले. त्या वेळी पणजीपाशी मांडवीवर एकही पूल नव्हता, हेही लक्षात घ्या.

१९८६ नंतर आम्ही पुन्हा त्याच काळात गेलो. माणसे फेरीने, आणि ट्रकाला म्हापशाहून पणजीला यायचे तर डिचोली, साखळी, उसगाव, फोंडा, बाणस्तारी असा अख्खा वळसा. बाळंतिणीला इस्पितळात न्यायचे तरी आधी धक्क्यावर फेरीची वाट पाहायची. ही स्थिती वर्षांनुवर्षे चालली. नव्वदच्या दशकात पडलेल्याच्या जागी नवा पूल झाला, पुढे वाहतूक वाढली म्हणून त्याच्या जोडीला दुसरा झाला. हे दोन तुमच्या रोजच्या वापरातले. तिसरा अटल सेतू. तो २७ जानेवारी २०१९ ला खुला झाला, जोडरस्ते धरून ५.१ किलोमीटर लांब, या दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून उंच उचललेला, मधल्या ओळीतल्या मनोऱ्यांना तिरप्या दोरांनी टांगलेला. महामार्गावरून पणजीला बगल देऊन जाणाऱ्यांसाठी तो आहे. दुचाकीला त्यावर मनाई असल्यामुळे स्कूटरने तुम्ही तो ओलांडला नसणार.

म्हणजे तीन पुलांपैकी एक पडलेल्याची भरपाई आणि दोन वाढत्या गाड्यांसाठी. गाड्यांसाठी पूल बांधायला मी कधी नाही म्हटले नाही. पण माझी अख्खी नोकरी दुसऱ्याच कामात गेली, पुलाच्या खाली उभे राहून वर पाहण्यात. होडीतून जायचे, हातात लहान हातोडी, आणि काँक्रीटवर ठोकत ऐकत जायचे. निरोगी काँक्रीट ठण्ण वाजते. आत पापुद्रा सुटला असेल तर बद्द वाजते, फणस पिकलाय का हे जसे थापटून कळते तसे. बद्द वाजले की खडूने गोल करायचा. एका लहान खाडीपुलाखाली मी इतके गोल केले की खडू संपला. अहवाल दिला. पुढच्या वर्षी पुन्हा दिला. तिसऱ्या वर्षी गेलो तर कठड्यांना पिवळा-काळा नवा रंग, आणि खाली माझे खडूचे गोल तसेच. त्या रात्री मला झोप लागली नाही. बेतीच्या फेरीतला तो सोमवार डोळ्यांसमोरून हलेना. चौथ्या वर्षी दुरुस्ती झाली, पण मधली तीन वर्षे त्या पुलावरून शाळेच्या बसगाड्या जात होत्या. त्या दिवसांचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जाऊही नये असे मला वाटते.

आता रायबंदरच्या रस्त्याकडे येतो, कारण वरच्या सगळ्याला त्याने चार शतकांपूर्वीच उत्तर दिले आहे. तो पूलच आहे. कोंदे द लिन्यारिश या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत, १६३३-३४ च्या सुमारास बांधलेला, सुमारे तीन किलोमीटर लांब. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरे आणि खारफुटी. फेरीतून उतरून पणजीकडे येताना स्कूटर बाजूला लावा, ओहोटीची वेळ बघून कठड्यावरून खाली वाका. आपल्याकडे सुकती म्हणतात ती वेळ. कमानी दिसतील, आणि त्यांतून पाणी आत-बाहेर करताना दिसेल. बांध घालून पाणी अडवले असते तर मागची मिठागरे मेली असती.

बांधकाम चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे. चिरा खाणीतून काढला की मऊ असतो, कोयत्याने तासता येतो, वारा लागला की कडक होतो. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्यावर रेलतो, म्हणजे सगळा दाबच दाब, ताण जवळजवळ नाहीच. म्हणून पोलाद लागले नाही, आणि पोलाद नाही म्हणून गंजायला काही नाही. आज त्यावरून बसगाड्या जातात. अर्थात चिऱ्याच्या कमानींनी खोल मांडवी ओलांडता आली नसती. बार्जला वाट ठेवायची तर रुंद गाळा हवा, रुंद गाळ्याला पोलाद हवे, आणि पोलाद आले की हातोडी घेऊन फिरणारा माणूस हवा.

बार्जचे नाव निघाले म्हणून आजोबांसाठी थोडेसे. लोक समजतात, भरलेल्या बार्जला पुलाची अडचण जास्त. उलटे आहे. भरलेली बार्ज पाण्यात खोल बसते. मुरगाव बंदरात माल उतरवून रिकामी परतणारी बार्ज उंच तरंगते, आणि भरतीच्या पाण्याबरोबर वर चढत असेल तर पुलाच्या पोटाला तिचेच डोके आधी लागायचे. आम्ही गाळ्याची उंची मोजायचो ती भरतीच्या रेषेपासून, ती याचसाठी. पावसाळ्यात मांडवीचे आग्वादपाशी असलेले मुख वाळूच्या दांड्यामुळे बंद झाले की बार्ज कुंभारजुवेच्या कालव्यातून, बाणस्तारीच्या पुलाखालून जुवारीत उतरायच्या. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा त्याच बार्ज रांगेने नांगरलेल्या मी पाहिल्या, तळाला शेवाळ धरून.

आजोबांना माझा नमस्कार सांगा आणि एक विचारून कळवा : जुलैच्या पावसात, बाणस्तारीखालून रिकामी बार्ज काढताना ते भरती उतरायची वाट किती वेळ बघायचे? आमच्या नोंदवह्यांत पाण्याची उंची सापडते, खलाशाने थांबून काढलेले तास सापडत नाहीत.