प्लेनर लाइटवेव्ह सर्किट: मंडल म्हणायचं का पाट?

प्लेनर लाइटवेव्ह सर्किटला, म्हणजे सपाट चिपवरच्या बारीक वाटांतून प्रकाश नेणाऱ्या सर्किटला, ‘समतल प्रकाशतरंग मंडल’ चालेल का, असं विचारलंय. परीक्षेत लिहायला चालेल, पण ‘मंडल’ मला खटकतं. विजेच्या सर्किटला मंडल म्हणतो कारण करंट फिरून मूळ जागी येतो, वाट तुटली की दिवा बंद. ‘परिपथ’ घेतला तरी त्यातला ‘परि’ परिक्रमेतलाच. इथे प्रकाश एका टोकाने शिरतो आणि दुसऱ्याने निघून जातो, गोल फिरायची सक्तीच नाही (रिंग रेझोनेटर, म्हणजे चिपवरची बंद गोल वाट सोडा, त्यात तो खरंच फिरतो, तिथे मंडल शोभेल). बरं, लाइट सर्किट म्हणावं तर आपल्याकडे लाइट म्हणजे वीज, आणि इंग्रजी आद्याक्षरं घेऊन पीएलसी म्हटलं की चाकणच्या कारखान्यातला माणूस मशीनच्या पॅनेलकडे बघतो, त्याच्यासाठी पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर.

आमच्या जिन्यातल्या इंटरनेटच्या डब्यात हे सर्किट आहे, फायबर जोडणारा पोरगा त्याला नुसतं ‘वन बाय एट’ म्हणतो. बोटाएवढी स्टीलची नळी, एकीकडून एक फायबर आत, दुसरीकडून आठ बाहेर. आत काचेची चिप, तिच्यात काही मायक्रॉन रुंदीच्या वाटा, एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. वाटेच्या काचेचा अपवर्तनांक भोवतालच्या काचेपेक्षा टक्काभरसुद्धा जास्त नसतो पण तेवढ्यावर उजेड काठ सोडत नाही. अ‍ॅडॉप्टर नाही, प्लग नाही, त्यामुळे लाइट गेली तरी हा लाइट वाटतच राहतो!

हे बघून मला तर पाटाचं पाणीच आठवलं, पाटातून चारी, चारीतून दांड. म्हणून वेव्हगाइडला, म्हणजे प्रकाशाच्या त्या एकेका वाटेला, ‘प्रकाशपाट’ आणि अख्ख्या चिपला ‘पाटजाळं’ म्हणावं असं माझं मत. गळतीसुद्धा आहे, आठ वाटण्यांत प्रत्येकाला आठवा हिस्सा, म्हणजे 9 डेसिबल हिशोबानेच जातात, वर थोडे झिरपतात ते वेगळे. फक्त इथे टेलच्या शेतकऱ्याची तक्रार नाही, आठही जणांना जवळपास सारखंच पोचतं.

एका ठिकाणी मात्र पाट फसतो. आठ दांडांचं पाणी उलटं आणलं तर सगळं पाटात जमेल, पण तुमच्या घरातून परत निघालेल्या प्रकाशाचाही त्या नळीत आठवा हिस्साच पुढे जातो, बाकीचा वाटेतच वाया. याला पाण्याच्या भाषेत शब्द सुचला तर सांगा, मला अजून सापडला नाहीये.