सुटकेसाठी केलेली प्रार्थना ऐकली जात नसेल तर आपला विश्वास कमी पडतो का?

तुम्ही लिहिलंय की पत्नीच्या आजारपणात आठ महिने प्रार्थना करताय, उतार काही पडत नाही, आणि मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) एका वडीलधाऱ्याने 'विश्वास कमी पडतोय' असं सुनावलं. आधी त्याच बोलण्याचा निकाल लावू.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा अध्याय 12 काढा. हेरोद राजाने येशूचा शिष्य पेत्र याला तुरुंगात टाकलंय. पहाऱ्यावर चार-चार शिपायांच्या चार तुकड्या, अंगावर दोन साखळ्या, झोपला आहे तोही दोन शिपायांच्या मध्ये. इकडे एका घरात मंडळी प्रार्थना करत जागतेय. देवदूत पेत्राला बाहेर काढतो, तो त्या घराशी येऊन दार ठोठावतो. दासी त्याचा आवाज ओळखते, आनंदाच्या भरात दार उघडायचंच विसरते आणि आत धावत जाऊन सांगते. तर आतले तिलाच म्हणतात, तुला वेड लागलंय! पेत्र आपला बाहेर ठोठावतोच आहे. हा प्रसंग वाचताना मला दर वेळी हसू येतं. विश्वास मोजूनमापून सुटका मिळत असती तर पेत्र त्या रात्री कोठडीतच राहिला असता.

पण त्याच अध्यायाचं दुसरं वचन आपण भरभर वाचून पुढे जातो. हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं. बस, एवढंच. याकोबही येशूच्या बारा शिष्यांतलाच. त्याच्यासाठी कुणीच प्रार्थना केली नसेल हे मला पटत नाही. पेत्र सुटला, याकोब गेला, आणि असं का झालं ते हे पुस्तक लिहिणारा लूक सांगत नाही. तुमच्या वडीलधाऱ्यांना मात्र कारण ठाऊक आहे म्हणायचं!

माझे वडील अकरा महिने अंथरुणाला होते. भेटायला येणारे सगळे धीराची वचनं घेऊन यायचे, आणि ती माणसं गेली की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. एका रात्री मी त्यांना 88 वं स्तोत्र वाचून दाखवलं. मुद्दाम निवडलं नव्हतं, पान उघडलं ते तिथेच. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. हे वळत नाही, त्याचा मूळ हिब्रूतला शेवटचा शब्दच 'अंधार' या अर्थाचा आहे. वाचून झाल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे बायबलमध्ये आहे?" मी पुस्तक त्यांच्यासमोर धरलं. चष्मा मागून घेतला आणि स्वतः पुन्हा वाचलं. त्यानंतर त्यांनी मोठ्याने प्रार्थना करायला सुरुवात केली, म्हणजे खरं तर भांडायलाच. ते बरे झाले नाहीत. पण भिंतीकडे तोंड करणं थांबलं.

म्हणून तक्रार करायला घाबरू नका. आणखी एक. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे वाक्य आपण फार लवकर उच्चारतो. बऱ्याचदा ती श्रद्धा नसते, निराशा पदरी येऊ नये म्हणून आधीच घेतलेली माघार असते. अटक होण्याआधी येशूने गेथशेमाने बागेत केलेल्या प्रार्थनेतला क्रम बघा. आधी 'हा प्याला (म्हणजे हे दुःख) टळू दे', मगच 'तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको'. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू हे तीनदा मागतो. प्रेषित पौलानेही 'शरीरातला काटा', म्हणजे त्याला छळणारा एक त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, 'माझी कृपा तुला पुरेशी आहे' एवढं उत्तर आलं. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायला अजून कुणी धजावलेलं मी ऐकलं नाही. तेव्हा पत्नी बरी व्हावी हेच मागा, आजाराचं नाव घेऊन, आढेवेढे न घेता. (औषधं चालू ठेवाच, हे सांगायला नको.)

आणि तोंडून शब्दच फुटत नसतील तर दुसऱ्यांना मागू द्या. मार्काच्या शुभवर्तमानात एका पक्षघाती माणसाला चौघांनी छप्पर उघडून येशूपुढे खाली सोडलं, तेव्हा येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं मार्क लिहितो. खाटेवरचा माणूस त्या वेळी काय बोलला याची नोंदही नाही.

आज रात्री काहीच सुचलं नाही तर 13 वं स्तोत्र काढा. पहिल्या दोनच वचनांत चार वेळा 'कोठवर' असं विचारलंय. तेवढं मोठ्याने म्हणून पुस्तक मिटलंत तरी चालेल, पुढची वचनं कुठे पळून जात नाहीत.