वाचक विचारतात: स्पेनच्या निवांत वाटांवर सायकल

प्रश्न: आम्ही दोघं पन्नाशी ओलांडलेली. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर सायकल चालवू शकतो. एप्रिलमध्ये स्पेनमध्ये दहा दिवस मिळणार आहेत. मोटारींची वर्दळ नको आणि अवघड घाटही नकोत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: तुमच्यासाठी विया वेर्दे, म्हणजे ‘हिरव्या वाटा’. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून त्या जागी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी वाटा करायचं काम स्पेनमध्ये 1993 पासून चालू आहे. आज अशा वाटांची एकूण लांबी तीन हजार किलोमीटरपेक्षा जास्त भरते. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून मूळ आखणीच सौम्य असते. चढ बहुतेक ठिकाणी दोन-तीन टक्क्यांच्या आत राहतो. डोंगर आडवा आला की बोगदा, दरी आली की पूल. मोटारींना बंदी असते. शेताकडे जाणारा एखादा ट्रॅक्टर मात्र काही टप्प्यांवर भेटतो.

दहा दिवसांत सगळा देश पाहायचा मोह टाळा. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातल्या दोन वाटा निवांतपणे करा. पहिली विया वेर्दे देल असेइते, म्हणजे तेलाची वाट. खाएन ते पुएन्ते खेनिल, सुमारे 128 किलोमीटर. या लोहमार्गावरून ऑलिव्हचं तेल वाहून नेलं जायचं. खाएन प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून अधिक झाडं आहेत, त्यामुळे पहिला दिवसभर दोन्ही बाजूंना दुसरं काहीच दिसत नाही. वाटेतले एकोणिसाव्या शतकातले लोखंडी पूल थांबून पाहावेत असे आहेत. खाएनहून मार्तोसपर्यंत एकसारखा हलका चढ आहे, तिथून ग्वादाखोस नदीपर्यंत उतार, मग पुन्हा चढ. तीन दिवस ठेवा आणि मुक्काम आल्काउदेते व दोन्या मेन्सिया इथे करा. सुएरोस हे गाव वाटेवरून डोक्यावर टांगल्यासारखं दिसतं. तिथे जायचा फाटा छोटा आहे, पण चढ खरोखर तीव्र आहे, तेव्हा सामान खाली ठेवता आलं तर ठेवाच.

दुसरी विया वेर्दे दे ला सिएर्रा: पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा, 36 किलोमीटर, 30 बोगदे, 4 मोठे पूल. हा लोहमार्ग 1920 च्या दशकात बांधायला घेतला, पण त्यावरून प्रवासी गाडी कधीच धावली नाही. सर्वांत लांब बोगदा जवळपास एक किलोमीटरचा आहे. काही बोगद्यांत दिवे आहेत, पण ते चालू असतीलच असं धरून जाऊ नका. पुढे निदान 200 ल्युमेनचा पांढरा दिवा आणि मागे लाल दिवा हवाच. बोगद्याच्या तोंडाशी पोहोचण्याआधीच गॉगल काढा; उन्हातून अंधारात शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो आणि समोरून येणारा पादचारी तेवढ्यात दिसत नाही. मध्यावर साफ्रामागोनचा कडा लागतो. तिथे गिधाडांची मोठी वसाहत आहे. सकाळी दहानंतर हवा तापली की ती वर घिरट्या घालू लागतात, म्हणून दुर्बीण असेल तर वेळ तसा जुळवा. ओल्वेराकडे जाताना एकूण चढ लागतो, उलट दिशेने उतार. मात्र ओल्वेराच्या जुन्या स्टेशनपासून गावात चढणारा रस्ता छातीवर येतो.

प्रश्न: विया वेर्दे संपली की पुढे काय? दोन वाटांच्या मध्ये महामार्गावरून जावं लागतं का?

उत्तर: नाही. स्पेनमध्ये रस्त्याचा दर्जा पाटीच्या रंगावरून कळतो. क्रमांकाची पाटी निळी असेल तर तो द्रुतगती मार्ग, लाल असेल तर राष्ट्रीय रस्ता. प्रादेशिक रस्त्यांत नारिंगी मोठे, हिरवे मधले आणि पिवळे सर्वांत छोटे. मार्ग आखताना आधी पिवळे रस्ते जोडून पाहा. जमलं नाही तर हिरवे घ्या आणि नारिंगी शक्यतो चार-पाच किलोमीटरपुरतेच. राष्ट्रीय भूगोल संस्थेचे 1:25,000 आणि 1:50,000 प्रमाणाचे नकाशे यासाठी फार उपयोगी पडतात. कच्चे रस्तेही त्यांवर बारकाईने दाखवलेले असतात.

नवीन सायकलस्वारांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट सांगतो. जिथे जुन्या लाल रस्त्याला समांतर द्रुतगती मार्ग झाला आहे, तिथली जवळजवळ सगळी वाहतूक तिकडे गेली आहे. जुना रस्ता रुंद, डांबरी आणि बराचसा रिकामा उरतो. आवाज ऐकू येतो, पण मोटारी येत नाहीत. फक्त नकाशावर तो सलग आहे ना, हे तपासा. अधूनमधून तो द्रुतगती मार्गातच विलीन झालेला असतो आणि तिथे वाट खुंटते.

अगदी निर्जन प्रदेश हवा असेल तर तेरुएल आणि सोरिया हे प्रांत पाहा. दर चौरस किलोमीटरला जेमतेम नऊ-दहा माणसं राहतात. विसाव्या शतकात गावं शहरांकडे रिकामी झाली, रस्ते मात्र राहिले. पण हा हजार मीटरच्या वरचा मुलूख आहे. एप्रिलमध्येही पहाटे पाणी गोठू शकतं. तिथे मे-जून किंवा सप्टेंबर बरा. तेरुएलकडून समुद्राकडे यायचं असेल तर ओखोस नेग्रोसची वाट घ्या. ओखोस नेग्रोसच्या खाणीतलं लोहखनिज सागुन्तोच्या बंदरात नेण्यासाठी खाणकंपनीने सार्वजनिक लोहमार्गाला समांतर स्वतःचा मार्ग 1907 मध्ये सुरू केला. तो 1972 मध्ये बंद पडला आणि त्याचीच आता वाट झाली. बार्राकासपासून अल्खिमियापर्यंत सुमारे 70 किलोमीटरमध्ये ती 800 मीटरच्या आसपास उतरते. दमल्यावर शेजारच्या चालू मार्गावरची गाडी पकडता येते, ही तिची मोठी सोय. कामांमुळे तिथे कधीकधी गाडीऐवजी बस धावते आणि बसमध्ये सायकल घेतीलच असं नाही, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा.

प्रश्न: टायर कोणते लावावेत? पंक्चर फार होतात असं ऐकलं आहे.

उत्तर: होतात, आणि कारण ओळखीचं आहे: गोखरू. तिकडे त्याला आब्रोखो म्हणतात. उन्हाळ्याअखेर त्याची वाळलेली काटेरी फळं वाटेच्या कडेला पडलेली असतात. म्हणून विश्रांतीसाठी सायकल गवतात आडवी टाकू नका, वाटेच्या मधोमधच उभी ठेवा. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले, टायर असतील तर 40 ते 45 मिलिमीटरच्या टायरमध्ये प्रत्येकी 60 ते 80 मिलिलीटर सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, घाला. उष्णतेने ते लवकर सुकतं, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात ताजं भरा. काटा रुतलेला दिसला तर तो लगेच उपटू नका; उपटल्यास चाक फिरवून भोक खाली आणा, म्हणजे सीलंट तिथे पोहोचेल. ट्यूब वापरत असाल तर दोन सुट्या ट्यूब आणि आठ-दहा पॅच घ्या. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटाने, सांभाळून, पूर्ण चाचपा. पंक्चर काढल्यावर दहा मिनिटांत पुन्हा हवा गेली तर बहुतेक वेळा आत राहून गेलेलं काट्याचं टोकच कारण असतं.

सायकल, स्वार आणि सामान मिळून 100 किलो असतील तर 42 मिलिमीटरच्या टायरला मागे 40 ते 45 आणि पुढे 35 ते 40 पीएसआय हवा पुरते. विया वेर्देचा पृष्ठभाग बहुतेक मुरमासारखा दाबलेला असतो, काही टप्पे डांबरी. तिथे 35 मिलिमीटरही चालतं.

काट्यांपेक्षा मला चिखलाची भीती जास्त वाटते. पठारावरच्या आणि ऑलिव्हच्या मळ्यांतल्या चिकणमातीच्या वाटा कोरड्या असताना छान पळतात. पाऊस झाला की तीच माती टायरला चिकटते, थरावर थर बसतो आणि मडगार्डखाली दगडासारखी घट्ट होते. चाक अडलं असताना जोर लावून पेडल मारलं की मागचा डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) चाकात ओढला जाऊन हँगर, म्हणजे त्याला धरून ठेवणारी पट्टी, मोडतो. चाक जड लागताच उतरा, माती काडीने खरवडा, आणि जवळच्या डांबरी रस्त्यावर या. पाऊस थांबल्यावर ऊन-वारा असेल तर अर्ध्या दिवसात वाट सुकते. तुमच्या सायकलच्या मापाचा सुटा हँगर बरोबर न्याच; लहान गावात तो मिळत नाही.

प्रश्न: पाणी आणि जेवणाची सोय कशी असते?

उत्तर: वाट जितकी शांत तितकी दुकानं कमी. दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान गावातली दुकानं बंद असतात, रविवारी तर दिवसभर. म्हणून शनिवारी सकाळीच दोन दिवसांचं पाव, चीज, फळं घेऊन ठेवा. खाणावळींत दुपारचं जेवण साधारण दोन ते चार, रात्रीचं साडेआठ-नऊनंतर. बहुतेक गावांच्या चौकात नळ असतो. ‘आग्वा पोताब्ले’ म्हणजे पिण्याजोगं. ‘नो पोताब्ले’ असेल तर पिऊ नका. ‘सिन त्रातार’ म्हणजे प्रक्रिया न केलेलं. ते गाळून-उकळून किंवा गोळी टाकूनच प्या. माणशी तीन लिटर नेण्याची सोय ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये आंदालुसियात पारा 40 अंशांवर जातो. त्या दिवसांत तिथे जाऊच नका.

प्रश्न: रेल्वेत सायकल नेता येते का?

उत्तर: गाडीवर अवलंबून आहे. सेर्कानियास या उपनगरी गाड्यांत सायकल सहसा तशीच चढवता येते. मेदिया दिस्तान्सिया, म्हणजे मध्यम अंतराच्या, गाड्यांत सायकलच्या जागा मोजक्या असतात, म्हणून तिकिटाबरोबरच जागा राखून घ्या. आवे या वेगवान गाडीत उभी सायकल चालत नाही. पेडल काढून, हँडल वळवून ती पिशवीत भरावी लागते आणि पिशवीचं माप 120 × 90 × 40 सेंटिमीटरच्या आत लागतं. दोन्ही चाकं काढल्याशिवाय टूरिंग सायकल त्यात बसत नाही. पेडलसाठी 15 मिलिमीटरचा पाना किंवा 8 मिलिमीटरची ॲलन-की वरच्या खिशात ठेवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात.

प्रश्न: शेतातून जाताना कुत्रे, फाटकं, पाट्या यांचं काय?

उत्तर: मेंढ्यांच्या कळपाबरोबरचा मोठा मास्तिन कुत्रा कळप राखत असतो. पळून जाऊ नका. उतरा, सायकल मध्ये धरा आणि कळपाला लांबून वळसा घालत चालत जा. फाटक जसं सापडेल तसंच ठेवा: बंद असेल तर बंद, उघडं तर उघडं. तिरक्या रेषेने काळ्या-पांढऱ्यात दुभागलेली छोटी पाटी शिकारीचं राखीव क्षेत्र दाखवते. सार्वजनिक वाटेवर सायकलला तिच्यामुळे बंदी येत नाही. पण शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत शनिवार-रविवारी ‘बातिदा’ किंवा ‘मोन्तेरिया’ (हाका घालून केलेली शिकार) लिहिलेला फलक दिसला तर त्या दिवशी ती वाट सोडा, कारण आत गोळीबार चाललेला असतो. गावाबाहेर हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे. अडचणीत 112 लावा. वाटेवरच्या शेवटच्या खुणेचा किलोमीटर आकडा सांगता आला तर मदत लवकर पोहोचते.