एन्ड्युरन्स: त्या क्षणी कॅमेरा कुठे होता?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. 2024 चा 'एन्ड्युरन्स' हा माहितीपट तुम्ही पाहिलात. त्यात 1915 साली बर्फात चिरडले जाणारे जहाज रंगीत दिसले, शॅकल्टनची माणसे स्वतःच्या आवाजात बोलताना ऐकू आली, उघड्या होडीतला तो भयंकर प्रवास दिसला आणि शेवटी समुद्रतळावरचे जहाज. मग चर्चेत एकाने ठामपणे लिहिले की हे सगळे संगणकाने बनवलेले आहे. दुसऱ्याने तितक्याच ठामपणे लिहिले की सगळे अस्सल आहे. आता विश्वास कशावर ठेवायचा?

दोघांचेही बरोबर नाही. पण 'थोडे खरे, थोडे खोटे' एवढे सांगून मी थांबणार नाही. यातला कोणता तुकडा कुठला हे बऱ्यापैकी नेमकेपणाने सांगता येते.

मी मुंबईतल्या एका फिल्म लॅबमध्ये 27 वर्षे निगेटिव्ह कटिंगचे, म्हणजे मूळ फिल्म कापून जोडण्याचे, काम केले. पांढरे हातमोजे घालून, उजेडाच्या टेबलावर, फ्रेम मोजत. तिथे एक सवय लागली ती आजही सुटलेली नाही. जुना शॉट समोर आला की मी पहिल्यांदा विचारते, त्या क्षणी कॅमेरा कुठे होता आणि कोणाच्या हातात होता? या एका प्रश्नावर एन्ड्युरन्सचा जवळजवळ सगळा गुंता सुटतो, कारण तिथे कॅमेरा चालवणारा माणूस एकच होता.

त्याचे नाव फ्रँक हर्ली, ऑस्ट्रेलियन. मोहीम 1914 साली निघाली तेव्हा वय अठ्ठावीस-एकोणतीस. ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: अर्नेस्ट शॅकल्टनला अंटार्क्टिका खंड पायी आरपार ओलांडायचा होता. जानेवारी 1915 मध्ये वेडेल समुद्रात जहाज बर्फात अडकले आणि बर्फाबरोबर महिनोन्‌महिने वाहत गेले. 27 ऑक्टोबर 1915 ला 28 माणसांनी जहाज सोडले आणि 21 नोव्हेंबरला ते बुडाले. पुढे बर्फावर तळ ठोकून राहणे, होड्यांतून एलिफंट बेट गाठणे, तिथून सहा जणांनी जेम्स केर्ड या होडीतून सुमारे 1,300 किलोमीटर समुद्र कापून साउथ जॉर्जियाला जाणे, आणि 30 ऑगस्ट 1916 ला चिलीच्या येल्चो जहाजाने उरलेल्यांना सोडवणे. 28 च्या 28 जण वाचले.

आता चित्रफितीकडे येते.

डोलकाठ्या कोसळतानाचा तो शॉट अस्सल आहे. शंभर टक्के. जहाज सोडून दिल्यानंतरच्या दिवसांत हर्ली बर्फावर कॅमेरा लावून थांबला होता. दांडा हाताने फिरवायचा, थंडीत फिल्म कडक होऊन तुटायची भीती, बर्फ कधी दुभंगेल याचा नेम नाही. अशा ठिकाणी उभे राहून त्याने दोरखंड आणि काठ्या खाली येताना टिपल्या. मी तो तुकडा कितीतरी वेळा पाहिला आहे आणि दर वेळी मनात हेच येते की ज्या जहाजात तो वर्षभर झोपला-जेवला, ते मोडताना त्याचा हात एका लयीत फिरत राहिला.

मात्र इथेच एक गफलत होते. बहुतेक प्रेक्षक या शॉटला 'जहाज बुडतानाचा शॉट' म्हणतात. बुडतानाचे चित्रीकरण मुळात झालेलेच नाही. एन्ड्युरन्स पाण्याखाली गेले 21 नोव्हेंबरला, आणि तोपर्यंत हर्लीचा सिनेमा कॅमेरा बाद झाला होता. होड्यांत वजन न्यायचे नव्हते. कॅमेरे टाकून द्यावे लागले. नऊ नोव्हेंबरच्या सुमारास शॅकल्टन आणि हर्ली बर्फावर बसले आणि काचेच्या प्लेटा, म्हणजे फोटोंच्या निगेटिव्ह, एकेक करून निवडल्या. सुमारे 120 ठेवल्या, सुमारे 400 तिथेच फोडून टाकल्या. फोडल्या अशासाठी की मागाहून मन बदलून कोणी त्या घ्यायला परत जाऊ नये. ठेवलेल्या प्लेटा आणि चित्रफीत पत्र्याच्या डब्यांत घालून डाग देऊन बंद केली. हर्लीकडे उरला एक छोटा खिशातला कोडॅक आणि तीन रोल.

हे लक्षात ठेवले की पुढचे सोपे होते. नोव्हेंबर 1915 नंतर सुटकेपर्यंतच्या कोणत्याही घटनेची हलती चित्रे दिसली तर ती नंतर कधीतरी, नट घेऊन चित्रित केलेली आहेत. होड्यांचा प्रवास, एलिफंट बेटावरचे उलट्या होड्यांखालचे घर, साउथ जॉर्जियाचे डोंगर ओलांडणारे तिघे. या सगळ्याची फिल्म अस्तित्वात असूच शकत नाही. एलिफंट बेटाचे जे अस्सल आहे ते त्या छोट्या कॅमेऱ्याने काढलेले स्थिर फोटो, तेही मोजके.

त्या डब्यांबद्दल आणखी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जहाज सोडले तेव्हा ते डबे आतच राहिले होते. आतला भाग पाण्याने आणि बर्फाच्या लगद्याने भरला होता. काही दिवसांनी हर्ली मोडक्या जहाजात परत गेला, लाकडी भिंत फोडली, कमरेपर्यंतचे कपडे काढले आणि त्या लगद्यात उतरून डबे वर आणले. जस्ताचे अस्तर लावून सांधे पक्के केलेले असल्यामुळे आत पाणी शिरले नव्हते. त्यानंतर ती चित्रफीत पाच महिने तरंगत्या बर्फावर, मग आठवडाभर होडीत, मग साडेचार महिने एलिफंट बेटावर राहिली आणि तरीही छापण्यायोग्य उरली. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेटते तर लवकरच, नाही पेटली तर वर्षानुवर्षे चिकट होत, भुगा होत नष्ट होते. आपल्याकडे 2003 साली पुण्यात नायट्रेट चित्रफितींच्या साठ्याला आग लागली, ते आठवत असेल. फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'ची चार रिळे होती, त्यातले पहिले आणि शेवटचेच आज हाताशी आहे. साधारण त्याच सुमाराची, तशाच मालाची फिल्म अंटार्क्टिकातून परत येते आणि नाशिक-मुंबईची आपली हरवते. लॅबमध्ये हयात घालवलेल्या बाईला हे फार लागते.

आता रंगाकडे. माहितीपटातल्या हलत्या चित्रांचा रंग आजचा आहे. मूळ फिल्म काळी-पांढरी. हर्लीच्या चित्रीकरणावरून 1919 साली 'साउथ' नावाचा मूकपट तयार झाला. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तो दुरुस्त करून पुन्हा उभा केला, त्यात काही दृश्ये निळसर, काही पिवळसर दिसतात. तो रंग मात्र नंतरचा भर नाही. मूकपटांच्या काळात प्रिंट रंगात बुडवून काढायची पद्धतच होती. रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडाला पिवळा, असे. म्हणजे अख्खी फ्रेम एकाच छटेची असेल तर ती जुनी रीत. माणसाचे गाल गुलाबी, स्वेटर तपकिरी, आकाश निळे, असे वेगवेगळे रंग दिसले तर ते आजच्या संगणकाचे काम.

पण थांबा, याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि त्यावरूनच वाद वाढतात. हर्लीने जहाजाचे काही रंगीत फोटो खरोखर काढले होते. पॅजेट नावाची पद्धत होती, काचेच्या प्लेटेवर बारीक रंगीत जाळी ठेवून काढायची. ते स्थिर फोटो आहेत आणि त्यातला रंग 1914-15 चाच आहे. जवळून पाहिलेत तर त्या जाळीचे ठिपके दिसतात. तेव्हा 'एन्ड्युरन्सचे रंगीत चित्र म्हणजे बनावट' असे सरसकट म्हणणाऱ्याला हे जरूर दाखवा.

हालचाल गुळगुळीत दिसते म्हणून कोणीतरी ती बनावट ठरवली होती. हाताने फिरवलेला कॅमेरा सेकंदाला साधारण 16 फ्रेम घेई, तोही माणसाच्या मनगटाप्रमाणे कमीजास्त. ती फिल्म सेकंदाला 24 फ्रेमने दाखवली की माणसे टुणटुण चालतात. आता वेग नीट बसवता येतो आणि मधल्या फ्रेम संगणकाकडून भरूनही घेता येतात. याने चित्रातला माणूस खोटा ठरत नाही. पण भरलेल्या फ्रेम कॅमेऱ्याने पाहिलेल्या नाहीत, हेही तितकेच खरे, आणि माझे स्पष्ट मत आहे की प्रेक्षकाला ते पडद्यावरच सांगायला हवे.

आवाजाचे उत्तर लहान आहे. 1915 च्या फिल्मला आवाज नव्हता. तुम्ही ऐकलेत ते शब्द डायऱ्यांतले आणि आठवणींतले आहेत. आवाज त्या माणसांच्या इतर वेळी ध्वनिमुद्रित झालेल्या बोलण्यावरून कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला आहे. शॅकल्टनचा खरा आवाज ऐकायचा असेल तर 1909 साली, त्याच्या आधीच्या मोहिमेनंतर, एडिसनच्या मेणाच्या नळकांडीवर तो मुद्रित झाला आहे. खरखर पुष्कळ आहे. तरी आधी तोच ऐका, असे मी सांगेन.

आता हर्लीबद्दल एक गोष्ट, जी त्याच्या चाहत्यांना आवडत नाही. मीही त्याची चाहती आहे, म्हणूनच सांगते. हर्ली फोटो जोडायचा. आकाश एका निगेटिव्हचे, जमीन दुसऱ्याची. सर्वांत ठळक उदाहरण एलिफंट बेटाचे. किनाऱ्यावरून हात हलवणारी माणसे आणि दूर होडी, हा फोटो वर्षानुवर्षे 'सुटकेचा क्षण' म्हणून छापला गेला. प्रत्यक्षात तो 24 एप्रिल 1916 चा आहे, जेम्स केर्ड बेटावरून निघाली तेव्हाचा. ती माणसे निरोप देत आहेत. आपल्याला कोणी सोडवायला येईल की नाही हे त्यांना त्या वेळी माहीत नाही. फोटोत फेरफार करून त्याचा अर्थ उलटा केला गेला. 1917 साली पहिल्या महायुद्धाच्या फोटोंवरून ऑस्ट्रेलियाचे युद्ध-इतिहासकार चार्ल्स बीन यांच्याशी हर्लीचे मोठे भांडण झाले ते याच सवयीपायी. बीनना जोडलेला फोटो खोटा वाटे. हर्लीचे म्हणणे, एका फ्रेममध्ये युद्ध मावतच नाही.

'साउथ'मधले पेंग्विन आणि सील हा असाच प्रकार. मोहिमेच्या चित्रीकरणाला शेवट नव्हता, कारण शेवटाकडे कॅमेराच नव्हता. म्हणून 1917 साली हर्ली पुन्हा साउथ जॉर्जियाला गेला आणि प्राण्यांची दृश्ये घेऊन आला. दृश्ये अस्सल, जागाही बरीचशी खरी, पण साल वेगळे आणि शॅकल्टनची माणसे तिथे नाहीत. माहितीपटांत ती बेधडक मोहिमेच्या मधोमध लावलेली दिसतात.

मी यावर इतके का अडून बसते? लॅबमध्ये असताना 'पुराचे दोन शॉट द्या' अशी मागणी यायची आणि कपाटात जो पूर असेल तो जायचा. डब्यावर साल लिहिलेले असे, पण निर्मात्याला साल नको असे, पाणी हवे असे. मीही असे शॉट काढून दिले आहेत. वर्षांनंतर एका कार्यक्रमात एका गावचा पूर दुसऱ्याच गावचा म्हणून दाखवलेला पाहिला. ते रीळ माझ्याच हातून गेले होते, कडेच्या ओरखड्यावरून मी ओळखले. त्या पुरातली माणसे कुणाची तरी होती. तेव्हापासून डब्यावरची चिठ्ठी मला चित्राइतकीच महत्त्वाची वाटते.

कुत्र्यांच्या दृश्यांबाबत कुणाला शंका नसावी. ती सगळी मोहिमेतलीच आहेत. सुमारे 70 कुत्री निघाली होती, पडद्यावर ती बर्फात लोळतात, माणसांच्या अंगावर उड्या मारतात. त्यांपैकी एकही परत आले नाही. काही आजारात मेली, आणि अन्न संपत गेले तशी उरलेली गोळ्या घालून मारावी लागली. ही चिठ्ठी कुठल्याच माहितीपटात त्या दृश्यांच्या खाली नीट लागत नाही. रंग चढवताना तर अजिबात नाही.

शेवटी समुद्रतळाचे. 5 मार्च 2022 ला एन्ड्युरन्स सापडले, 3,008 मीटर खोल, कप्तान वर्स्लीने नोंदलेल्या जागेपासून सुमारे 4 मैल दक्षिणेला. शोधमोहीम एस. ए. अगुल्हास दोन या दक्षिण आफ्रिकी जहाजावरून झाली. पिछाडीवरचे जहाजाचे नाव, खालचा तारा, सुकाणूचे चाक, ही सगळी खऱ्या कॅमेऱ्याने टिपलेली दृश्ये आहेत. लाकूड इतके शाबूत कसे, असे अनेकांनी विचारले. त्या थंड पाण्यात लाकूड पोखरणारे किडे नाहीत, म्हणून. अख्खे जहाज एका नजरेत, स्वच्छ उजेडात दिसते ते मात्र छायाचित्र नव्हे. तीन हजार मीटर खाली 44 मीटर लांबीचे जहाज एकदम उजळेल असा दिवा कोणी नेलेला नाही. सुमारे 25,000 फोटो आणि लेसरची मोजमापे जोडून उभे केलेले ते प्रतिरूप आहे. त्याला बनावट म्हणता येत नाही, कारण त्यातला प्रत्येक ठिपका कुठल्यातरी फोटोतून किंवा मोजमापातून आला आहे.

त्या प्रतिरूपात ताटल्या दिसतात, एक बूट दिसतो आणि डेकवर एक पिस्तूल दिसते, आकाशात खुणेचा बार उडवायचे. जहाज सोडून देण्याच्या त्या दिवसांत त्याच पिस्तुलाने एकाने जहाजाला शेवटची मानवंदना दिली होती. बार उडवून ते तिथेच डेकवर ठेवले. उडवणारा फ्रँक हर्ली होता.